यंत्रमानवाचा उजवा हात

‘शट डाऊन’ आणि ‘सिट डाऊन’ यांतला फरक मला तिसाव्या वर्षी कळायला हरकत नव्हती. एरवी कळतही होता. पण सतरंजीवर वीस-बावीस माणसं माझ्या तोंडाकडे बघत बसलेली, पडद्यावर मुंग्या धावत असलेल्या, टीव्हीतला साहेब ओठ न हलवता बोलणारा, आणि क्वार्टरच्या अख्ख्या ओळीत इंग्रजी येणारा म्हणून मीच एक. साहेब म्हणाला, “शट हिम डाऊन.” मी खणखणीत आवाजात भाषांतर केलं, “साहेब म्हणतो, त्याला खाली बसवा. फार दमला बिचारा.”

आमच्या शाळेतले मास्तर दिवसातून चाळीसदा ‘सिट डाऊन’ म्हणायचे. ‘शट डाऊन’ एकदाही म्हणाले नाहीत. माझं इंग्रजी त्या मास्तरांच्या इंग्रजीएवढंच होतं, हे मात्र मी कुणाला सांगितलेलं नव्हतं.

गडचिरोली तेव्हा नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं. ऑफिसं आधी आली, खुर्च्या मागून आल्या. त्यातल्याच एका सरकारी ऑफिसात मी आवक-जावक लिपिक होतो. आलेल्या कागदाला एक नंबर द्यायचा, गेलेल्या कागदाला दुसरा द्यायचा, आणि मधल्या काळात तो कागद कुठे आहे असं कुणी विचारलं तर ‘चौकशी करतो’ म्हणायचं, एवढं माझं काम. टीव्ही मात्र ओळीत माझ्याकडेच. ब्लॅक अँड व्हाइट, लाकडी पेटीचा, दोन्हीकडून सरकवायची दारं असलेला. बायकोच्या हौसेसाठी घेतला असं मी सगळ्यांना सांगत असे. बायको म्हणायची, “माही हौस? मले त्या डब्यासमोर बसालेच भेटत नाई. लोकाईले पाणी देता देता माहा रविवार जाते.”

रविवारी सकाळी एक परदेशी मालिका लागायची. आकाशात फिरणारं जहाज, दर आठवड्याला नवा ग्रह, घट्ट कपड्यांतली माणसं, आणि सगळं इंग्रजीत. मी खुर्चीवर बसायचो, बाकीचे सतरंजीवर. मला अर्धं कळायचं, उरलेल्या अर्ध्यात मी मनानं भर घालायचो. आमच्या शेजारचे हवालदार पुढच्या रांगेत मांडी घालून बसत आणि मी श्वास घ्यायला थांबलो की विचारत, “मंग पुढं?” एखाद्या माणसाला खोटं बोलायची सवय लावायची असेल तर त्याच्यासमोर रोज कुणीतरी ‘मंग पुढं’ म्हणणारा बसवावा.

त्या दिवशी सतरंजीवर नव्हे, भिंतीला टेकून स्टुलावर आणखी एक माणूस बसला होता. माझ्या बायकोचा थोरला भाऊ. तिचे आईवडील लवकर गेले, त्यामुळे तिला वाढवलं, शिकवलं, माझ्यासारख्याच्या गळ्यात बांधलं, ते सगळं त्यानंच. नागभीडकडच्या एका गावात तो राईस मिलवर मशीनवाला होता. अठरा वर्षं एकच मशीन. मशीनकडे न बघता, बाहेर चहा पीत बसून तो सांगायचा की आता तूस नीट निघत नाही, कणी जास्त होऊन राहिली. आत जाऊन बघावं तर तसंच असायचं.

मशीनचा पट्टा सैल झाला की घसरतो, म्हणून चालत्या पट्ट्याला हातानं राळ लावायची. त्यानं हजार वेळा लावली असेल. एकदा सदऱ्याची बाही पट्ट्यात गेली आणि बाहीमागून हात गेला. उजवा हात कोपराखाली चार बोटं एवढाच राहिला. दवाखान्यात मालक भेटायला आला होता. बराच वेळ पलंगाशी उभा राहिला, मग जाता जाता म्हणाला, “मशीन तुहीच हाय. हात घेऊन ये आन उद्यापासून उभा राह्य.” दुसरं काय बोलावं हे त्याला सुचलं नसावं. आजाऱ्याला भेटायला गेलेला माणूस आपल्याकडे असंच काहीतरी बोलून मोकळा होतो. पण भाऊनं ते वाक्य जपून ठेवलं.

पट्टी बदलायला गडचिरोलीचा दवाखाना बरा, म्हणून तो आमच्याकडे येऊन राहिला होता. डाव्या हातानं जेवायचा, तेही आमच्या जेवणाआधी, एकटा. बोलायचा नाहीच. बायको त्याच्याशी सारखं काहीबाही बोलायची आणि स्वयंपाकघरात येऊन डोळे पुसायची.

तर त्या रविवारच्या भागात एक यंत्रमानव होता. दगडांच्या ग्रहावर खाणीत काम करणारा. डब्यासारखं डोकं, दोन दिवे हे डोळे.

हवालदारांनी विचारलं, “हा माणूस हाय का मशीन हाय?”

खरं म्हणजे सरळ ‘मशीन’ म्हणायचं. पण मॅट्रिकला माझा मराठीचा पेपर चांगला गेला होता आणि तो कुठेतरी उपयोगी पडावा असं मला फार दिवसांपासून वाटत होतं. मी म्हणालो, “यंत्रमानव. समास सोडवा. यंत्र आणि मानव, तो यंत्रमानव. म्हणजे दोन्ही. अर्धा माणूस, अर्धं मशीन.”

“अर्धा कोणता?” हवालदार म्हणाले.

“ते पुढे कळेल.”

पुढे खाणीत दरड कोसळली आणि त्याचा हात गेला. उजवा. कोपरापासून. सगळ्या खोलीची मान एकदम मागे वळली, स्टुलाकडे, आणि तितक्याच लगबगीनं परत टीव्हीकडे. बायको दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती, ती तशीच उभी राहिली. टीव्ही बंद करावा असं माझ्या मनात आलं. उठणार इतक्यात एक मेकॅनिक पेटी घेऊन आला. पेटीत नवा हात होता. त्यानं तो कोपराला लावला, स्क्रू पिळले, आणि मग त्या लोखंडी हाताची बोटं उघडली. एक, दोन, तीन, सगळी. त्या हातानं समोरचा कप उचलला.

“हात बसवला,” मी म्हणालो.

एवढ्या एका शब्दावरून पुढचं सगळं झालं. आपल्याकडे हात बसवतात आणि हात बसतोही. राईस मिलवर नवा माणूस चुकला की भाऊ म्हणायचा, “अजून हात बसला नाई त्याचा.” धानाची रोपं लावायच्या रोवण्यात नव्या सुनेचा हात बसायला एक हंगाम लागतो. माझ्या बायकोचा भाकरीवर बसला, माझा टायपिंगवर कधीच बसला नाही.

भाऊ स्टुलावरून पुढे वाकला होता. कितीतरी आठवड्यांत पहिल्यांदा त्यानं आपणहून तोंड उघडलं. “जवाईबापू, बसला का हात?”

“बसला, भाऊ. पहिल्यापेक्षा चांगला बसला.”

नंतरच्या प्रसंगात तो नवा हात थरथरत होता. कप पडला, फुटला. घट्ट कपड्यांतले साहेब एकमेकांशी वाद घालू लागले. मी सांगितलं, “नवा आहे ना. बसायला वेळ लागतो.”

“लागतेच,” भाऊ म्हणाला. “सहा महिने धरा.”

आणि मग तो साहेब ‘शट हिम डाऊन’ म्हणाला, मी त्याला खाली बसवलं, आणि गडचिरोलीची लाइन गेली.

पडदा काळा झाला. मधोमध एक पांढरा ठिपका राहिला, तोही गेला. कुणी उठेना. हवालदार म्हणाले, “मंग पुढं?”

आता मलाही पुढचं माहीत नव्हतं, हे सांगायला एवढीशी जीभ हलवायची होती. पण भिंतीजवळच्या स्टुलावरून तो माणूस माझ्याकडे बघत होता. मी शेवट सांगितला. म्हणालो, हा यंत्रमानव आधी आपल्यासारखाच माणूस होता. खाणीत कामाला होता. हात गेला, तर त्या सरकारनं त्याला लोखंडाचा दिला. मग साहेबानं त्याला खाली बसवलं, महिनाभर आराम दिला, खाऊपिऊ घातलं, आणि तो परत कामाला लागला. त्याच खाणीत. त्याच जागेवर.

“त्याच जागेवर?” भाऊनं विचारलं.

“त्याच.”

लोक खूश होऊन घरी गेले. हवालदार म्हणाले, “हे सरकार पाहा आन आपलं पाहा.” त्या दिवशी भाऊ आमच्या पंगतीला बसला. जेवता जेवता त्यानं विचारलं, “तो हात कुठी भेटते?”

“तिकडे. अमेरिकेत वगैरे.”

“आपल्या इथी?”

“नागपूरला चौकशी केली पाहिजे,” मी म्हणालो. आमच्या भागात कुठल्याही अवघड प्रश्नाचं हेच उत्तर असतं.

स्वयंपाकघरात बायकोनं मला गाठलं. “खरंच भेटते का हो?”

“विज्ञान फार पुढे गेलंय,” मी म्हणालो, आणि हात धुतले.

जखम भरल्यावर आम्ही दोघं नागपूरला गेलो. नागभीडपर्यंत एसटी, तिथून छोट्या रुळांची गाडी. ती गाडी इतकी सावकाश जायची की लोक उतरून, लघवी करून, पळत येऊन परत चढायचे. भाऊ खिडकीशी बसला होता. मध्येच म्हणाला, “जवाईबापू, एक सांगू? हसू नोका.”

“सांगा.”

“बोटं अजून हाय.”

“म्हणजे?”

“दिसत नाई, पण हाय. आता पाहा, मूठ आवळून राह्यलो.” त्यानं दुमडलेल्या बाहीकडे बोट दाखवलं. खांद्याखालची शीर ताठ झाली. “आता उघडली. रोज सकाळी शंभरदा करतो. हात लावला की मंग बसाले सहा महिने नाई लागत. दोन महिन्यात बसन.”

मी हसलो नाही. खिडकीबाहेर धानाच्या बांध्या बघत राहिलो.

नागपुरात कृत्रिम हातपाय करून देणारी एक जागा होती. तिथला माणूस पोक्त, शांत, स्वतः एका पायानं लंगडणारा. त्यानं बाही वर केली, मोजपट्टी लावली, दाबून पाहिलं.

“पाय असता तर तुम्हाला चालवून पाठवलं असतं,” तो म्हणाला. “हाताचं अवघड आहे. एक लोखंडी आकडा मिळतो, खांद्याच्या पट्ट्यानं उघडझाप होणारा, पण त्याला खुंट, म्हणजे राहिलेला हात, लांब लागतो. तुमचा फार आखूड आहे. मी तुम्हाला दाखवायचा हात देऊ शकतो.”

“काय दाखवाचा?” भाऊनं विचारलं.

“म्हणजे शोभेचा. रबरी. बाहीतून दिसेल. काम नाही करणार.”

“पण बसवून देसान?”

“बसवून देऊ.”

भाऊनं माझ्याकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. बसवून देऊ म्हणाला ना माणूस. बाकीचं त्यानं ऐकलंच नव्हतं, आणि मी ते परत ऐकवलं नाही. जाताना त्या माणसानं सांगितलं, खुंटाला रोज तेल लावा, नरम राहिला पाहिजे. तेवढं मात्र भाऊनं शब्दशः ऐकलं.

हात तयार होऊन आला तो गोरा निघाला. साचा एकच असावा, आणि तो कुठल्यातरी गोऱ्या माणसाच्या हातावरून काढलेला. गुलाबी नखं, हातावर चार शिरा, बोटं किंचित वाकलेली, जशी कुणीतरी नुकताच पेला काढून घेतला असावा. भाऊ आमच्या झाडीपट्टीतला, तव्यासारखा काळा. पूर्ण बाहीचा सदरा घालून तो ओळीतून चालत आला तेव्हा हवालदार ओट्यावर दाढी करत होते. म्हणाले, “वा भाऊ! उजवा हात साहेबाचा, डावा शिपायाचा. आता सही बी तुम्हीच करा आन फाइल बी तुम्हीच उचला.”

भाऊसुद्धा हसला. ते त्याचं मी पाहिलेलं शेवटचं मोकळं हसू.

त्याच आठवड्यात विहारात कार्यक्रम होता. पंचशील घेताना सगळ्यांनी हात जोडले. भाऊनंही डाव्या हातानं उजवा धरून पुढे आणला आणि जोडला. वंदना संपली, सगळ्यांचे हात सुटले. त्याचा उजवा तसाच छातीपुढे राहिला, पट्टा कुठेतरी अडकलेला. बायकोनं पुढे होऊन हलकेच खाली केला. लहान पोरंसुद्धा हसली नाहीत.

मग तो गावी गेला आणि दुसऱ्याच दिवशी मिलवर. हे मला वहिनीनं सांगितलं, भाऊच्या बायकोनं. मशीनवर दुसरा माणूस उभा होता. मालक वाईट नव्हता; त्यानं उठून खुर्ची दिली, चहा मागवला.

“बसला का हात?” मालकानं विचारलं.

“बसून राह्यला,” भाऊ म्हणाला.

“मूठ होते का?”

मालकानं तो हात हातात घेऊन उलटापालटा करून पाहिला, जसं आपण नवी वस्तू बघतो. म्हणाला, “हे पाह्य, तू गेटवर बस. पोते किती आले, किती गेले, ध्यान ठेव. बसल्या जागचं काम हाय. मशीन आता त्याले करू दे.”

“मशीन माही हाय,” भाऊ म्हणाला, “तुम्हीच म्हणलं होतं.” आणि चहा न पिता घरी आला.

पुढच्या वेळी मी गेलो तेव्हा रबरी हात आढ्याला टांगलेल्या पिशवीत होता. भाऊ अंगणात खाटेवर बसून मोहाच्या बियांचं तेल खुंटाला चोळत होता. मला वाटलं, चला, संपलं एकदाचं. पण तो म्हणाला, “जवाईबापू, हा तो हात नाई. आपलीच चूक झाली. तो तिकडं भेटते, आन आपण नागपूरले शोधून राह्यलो. तुमाले इंग्रजी येते. त्या सरकारले एक चिठ्ठी लिहा.”

नाही म्हणायची ती दुसरी संधी होती. मी चिठ्ठी लिहिली. त्याच्यासमोर बसून, इंग्रजीत, सुरुवातीला ‘रिस्पेक्टेड सर’, शेवटी ‘युवर ओबिडिअंट सर्व्हंट’, आणि मधे त्याची सगळी हकिगत, जशी जमली तशी. त्यानं डाव्या हाताचा अंगठा लावला. पूर्वी तो सही करायचा. मग विचारलं, “पत्ता?”

“पत्ता ऑफिसात आहे,” मी म्हणालो.

ऑफिसात कसला पत्ता. मी आवक-जावक लिपिक. ती चिठ्ठी मी टेबलाच्या खणात ठेवली, खालून तिसऱ्या फाइलमध्ये, आणि भाऊला निरोप पाठवला की चिठ्ठी गेली. तो निरोप त्यानं मिलवर जाऊन मालकाला सांगितला. मालकानं पुन्हा गेटचं काम देऊ केलं. भाऊनं पुन्हा नाही म्हटलं. हात येणारच आहे तर गेटवर कशाला बसायचं?

त्यानंतर जो कुणी त्या बाजूनं गडचिरोलीला येई, त्याच्याबरोबर एकच प्रश्न येई. उत्तर आलं का? मी सांगे, परदेशातलं टपाल आहे, वेळ लागतो. हवालदारांनी एकदा मलाच विचारलं, “आलं का उत्तर?” म्हणजे ही बातमी ओळीतही पसरली होती.

अशात आमच्या ऑफिसात एक नवे ज्युनिअर इंजिनिअर बदलून आले. तरुण, नागपूरचे. चहाच्या वेळी टीव्हीचा विषय निघाला आणि मी माझ्या रविवारच्या खुर्चीची बढाई मारली. तो यंत्रमानवाचा भाग त्यांनीही पाहिला होता, नागपूरला, जिथे लाइन गेली नव्हती.

“शेवट फार वाईट होता नाही?” ते म्हणाले.

“कोणता शेवट?”

त्यांनी सांगितलं. नवा हात नीट बसलाच नाही. दुरुस्त करायचा तर जहाजाला उशीर होणार होता. म्हणून साहेबानं त्याला बंद करायला सांगितलं. त्याच्या डोळ्यांतले दिवे विझले. चांगले राहिलेले भाग दुसऱ्या यंत्रांसाठी काढून घेतले, आणि बाकीचा तिथेच, दगडांत उभा ठेवून जहाज निघून गेलं. “आणि तो माणूस कधीच नव्हता हो,” इंजिनिअर म्हणाले. “पहिल्यापासून नुसतं मशीन.”

मी चहाचा कप खाली ठेवला आणि आवक रजिस्टर उघडून बसलो. त्या दिवशी तीन कागदांना मी एकच नंबर दिला.

पावसाळाभर मी ते पोटात ठेवलं. बायकोलाही सांगितलं नाही. धान कापणीला आल्यावर तिनं मला चार दिवस गावी पाठवलं, भाऊला समजावायला. मालकाचा पुन्हा निरोप आला होता. गेटची जागा तो आणखी किती दिवस रिकामी ठेवणार? वहिनी दुसऱ्यांच्या शेतात कापणीला जात होती आणि भाऊ खाटेवर बसून तेल चोळत होता. “तुमचं ऐकते तो,” बायको मला म्हणाली. “गेटवर बसाले लावा कसं बी करून.”

मी एसटीत ठरवून टाकलं की खरं सांगायचं. खरं कळलं की माणूस ताळ्यावर येतो, असं मी कुठेतरी वाचलं होतं. त्याहून खरं म्हणजे मला ते सहन होत नव्हतं. दर निरोपाला नवं उत्तर रचावं लागायचं, आणि ते एकदाचं सुटावं एवढंच मला हवं होतं. भाऊच्या भल्याचं नाव त्याला चांगलं शोभून दिसलं.

सकाळची वेळ होती. अंगणात ऊन आलं होतं. भाऊ डोळे मिटून बसला होता आणि ओठांत आकडे पुटपुटत होता. मूठ चालू होती. मी शंभर होईपर्यंत थांबलो.

“उत्तर आलं का?” डोळे उघडून त्यानं विचारलं.

“भाऊ, चिठ्ठी गेलीच नाही.”

तो बघत राहिला.

मग मी सगळं सांगितलं. एकदा बोलायला लागल्यावर मला थांबता येईना. चिठ्ठी खणात आहे. मला तितकं इंग्रजी येत नाही. शेवट मी बनवला होता. तो माणूस नव्हता. त्याला साहेबानं बसवलं नाही, बंद केलं. तसा हात माणसासाठी कुठंच भेटत नाही. आणि म्हणून, भाऊ, गेटचं काम चांगलं आहे, मालक चांगला आहे, उद्यापासून जा.

शेजारच्या घरी कुणीतरी पाखडत होतं, त्याचा आवाज येत होता.

“चांगले राह्यलेले भाग काढून घेतले म्हणता,” तो म्हणाला. “हात बी?”

“हो.”

“दोनी?”

“दोन्ही.”

“आन त्याले तसाच उभा ठेवून गेले?”

“हो, भाऊ.”

“अच्छा.” त्यानं तेलाच्या वाटीवर झाकण ठेवलं, बाही खाली ओढली. म्हणाला, “बरं झालं सांगतलं, जवाईबापू. तुम्ही चहा घ्या.” मग वहिनीला हाक मारून त्यानं चहा ठेवायला सांगितलं. माझ्यावर रागावला नाही, आवाज चढवला नाही. मला इतकं मोकळं वाटलं की मी दोन कप चहा प्यालो.

परतीच्या एसटीत मला झोपसुद्धा लागली.

तो गेटवर गेला नाही. मालकानं जागा भरली. त्यानंतर वहिनी पोराच्या दाखल्यासाठी गडचिरोलीला आली तेव्हा आमच्याकडे उतरली. बायकोनं तिला भाऊबद्दल विचारलं. वहिनी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “काई नाई आता. तेल लावत नाई. मोजत बी नाई. म्या म्हणलं, बोटं हाय का अजून? तं म्हणते, नाई, गेले. उत्तर आलं का ते बी विचारत नाई. देल्लं तं खाते, नाई देल्लं तं बसून राह्यते.”

बायको तांदळातून एक खडा उचलून तसाच बोटांत धरून बसली. मी तिला तोपर्यंत एवढंच सांगितलं होतं की मी समजावलं, पण ऐकलं नाही. वहिनी दाखला घेऊन गेल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं. साहेब, लाइन, चिठ्ठी, खण, इंजिनिअर, अंगण. सांगताना मी स्वतःला बरंच झोडपून घेतलं. ती मध्येच ‘जाऊ द्या’ म्हणेल, म्हणेल की निदान शेवटी तरी तुम्ही खरं बोलले, अशी मला आशा होती. माझ्या बाजूनं बोलण्यासारखं तेवढं एकच माझ्याकडे होतं.

ती ताट घासत होती. ते घासून झालं, विसळून झालं, पालथं घालून झालं. मग पदराला हात पुसत म्हणाली, “खोटं बोलले तवा मले विचारलं नाई. खरं बोलाच्या आधी तरी विचाराचं होतं.”